डिन रेग्युलेटर आणि योक अडॅप्टर: दोन सीझन वापरून झाल्यावरचं माझं मत

लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, शेवटी आज पाऊस आहे आणि ऑफिसचा कॉल रद्द झालाय तर लिहूनच टाकते. गेल्या वर्षभरात मला चार-पाच जणांनी विचारलं की स्कूबा डायव्हिंगसाठी स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, घ्यायचाय, कुठला घेऊ, आणि प्रत्येक जण सुरुवात ब्रँडपासूनच करतो, स्कूबाप्रो का अपेक्स का मॅरेस, पिस्टन का डायफ्राम, थंड पाण्यातला का साधा. अरे बाबा मालवणच्या पाण्यात डुबायचंय, थंड पाण्याचं काय घेऊन बसलायस. पण तो टँकला बसणार कसा, हे एकानेही विचारलं नाही. मीही घेताना विचारलं नव्हतं, म्हणून तर हा एवढा मोठा रिव्ह्यू.

आमच्या घरात दोन रेग्युलेटर आहेत. नवऱ्याकडे योकवाला, ज्याला युरोपातले लोक ए-क्लॅम्प किंवा इंट म्हणतात, एका मित्राकडून सेकंडहँड घेतलेला. माझ्याकडे डिन, ३०० बारवाला (बार हे दाबाचं माप), भाऊ जर्मनीत असतो त्याने येताना आणला. तिकडे दुकानात डिनच मिळतो सहसा, हे नाव मुळात जर्मन मानक संस्थेचंच. त्याने मला फोनवर विचारलं, ताई तुमच्याकडे डिन चालतं का, मी म्हटलं चालत असेल की, न चालायला काय झालं. भारतात टँकला बहुतेक ठिकाणी योकचाच व्हॉल्व्ह असतो हे मला नंतर कळलं. मग अडॅप्टर घेतला, डिनवर चढवायचा आणि त्याचा योक होतो. पितळेचा, वरून क्रोम, वजन घरच्या काट्यावर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, किंमत मला चार हजाराच्या आतबाहेर पडली. या रेग्युलेटरवर आजपर्यंत ३८ डाइव्ह झाल्यात. मालवण, नेत्राणी, हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, आणि एक ट्रिप इजिप्तला लाल समुद्रात.

ज्यांना फरकच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. योक म्हणजे जू, अगदी बैलाच्या मानेवरचं असतं तसं. रेग्युलेटरच्या पहिल्या भागाला एक लोखंडी कडीसारखी चौकट असते ती टँकच्या व्हॉल्व्हच्या डोक्यावरून घालायची आणि मागून एक मोठा स्क्रू पिळायचा, तो व्हॉल्व्हच्या पाठीवरच्या खळग्यात बसतो आणि सगळं एकमेकांवर दाबून धरतो. डिनला चौकट नाही, रेग्युलेटरलाच आटे असतात आणि तो नळाला कनेक्टर फिरवतो तसा सरळ व्हॉल्व्हच्या आत फिरवून बसवायचा. दोन्हीकडे हवा अडवते ती एक ओ-रिंग, म्हणजे आपलं वॉशर. घरी गॅसचा बाटला बदलताना सील तोडल्यावर आत ते काळं वॉशर आहे ना बघतो, तीच गोष्ट, फक्त इथे दाब २०० बार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कोर्समध्ये कोणी अशा शब्दांत सांगितलं नाही. योकमध्ये ते वॉशर टँकवर असतं, व्हॉल्व्हच्या तोंडावरच्या खाचेत. म्हणजे ते डाइव्ह शॉपचं. किती उन्हात पडलंय, किती वेळा टँक बोटीत आपटलाय, कधी बदललंय, काही आपल्या हातात नाही. डिनमध्ये वॉशर रेग्युलेटरच्या टोकावर असतं, म्हणजे आपलं, आपण घरी बघतो, आपण बदलतो. शिवाय डिनमध्ये ते आट्यांच्या आत चहूबाजूंनी कोंडलेलं असतं, कुठे निसटणार. योकला जोरात धक्का बसला, बोटीच्या शिडीवर वगैरे, तर दोन तोंडांच्या फटीतून वॉशर बाहेर येऊ शकतं. गुहेत, बुडलेल्या जहाजात शिरणारे लोक डिनच मागतात त्याचं कारण हेच, डोक्यावर छप्पर असताना व्हॉल्व्ह कशावर तरी आपटणारच.

आणि अडॅप्टर? अडॅप्टर लावला की आपलं वॉशर अडॅप्टरमध्ये दाबलं जातं आणि अडॅप्टर टँकवाल्याच्या वॉशरवर. म्हणजे एकाच्या जागी दोन सांधे. डिनचे पैसे मोजले आणि बसलो पुन्हा योकच्याच भरवशावर, वर एक जास्तीची लीक व्हायची जागा विकत घेतली. हे मी अडॅप्टर वापरणारी म्हणूनच सांगतेय.

पहिल्या सीझनला मालवणला हे झालंही. सकाळची बोट, समोर सिंधुदुर्ग किल्ला, सगळे तयार, मी टँक उघडला तर फुस्स. बंद केला, पुन्हा बसवला, पुन्हा उघडला, पुन्हा फुस्स. मला वाटलं टँकचंच वॉशर असणार, नेहमी तेच असतं, मी जरा तोऱ्यातच क्रूमधल्या पोराला म्हटलं की तुमचं वॉशर बदला. त्याने बदललं बिचाऱ्याने, काही न बोलता. पुन्हा फुस्स. मग त्याने वाकून कान लावला, अडॅप्टर फिरवून काढला, आत बघितलं आणि म्हणाला, "ताई, वॉशर गेलो तुमचो." माझंच. डिनच्या टोकावरचं, एका बाजूने चिरलेलं, आणि मला पत्ता नाही कारण अडॅप्टर आणल्या दिवसापासून मी तो काढलाच नव्हता. त्याच्याकडे योकची वॉशर डबीभर, डिनचं एकही नाही, असणार कशाला. शेवटी त्यांचा रेग्युलेटर घेऊन डाइव्ह केली आणि माझा हा पन्नास हजाराचा ऐवज बोटीत ऊन खात बसला.

तेव्हापासून एक छोटी डबी ठेवते, कुंकवाच्या डबीएवढी, तिच्यात दोन्ही मापांची वॉशर पाच-पाच. योक टँकच्या तोंडाला बहुतेक ठिकाणी ०१४ नंबरचं लागतं आणि डिनच्या टोकाला बहुतेकदा ११२, पण आपल्या रेग्युलेटरचं माप त्याच्या कागदावर बघून घ्या, अंदाजाने नको. आणि कडक रबराचं घ्या, ९० ड्युरोमीटर म्हणतात ते, हार्डवेअरच्या दुकानातलं मऊ वॉशर मापाला बसलं तरी या दाबाला नाही टिकत.

दुसरा त्रास माझ्या आळसामुळे झाला असं नवरा म्हणतो, मी म्हणते कोकणच्या हवेमुळे. मे महिन्यातली ट्रिप संपली, रेग्युलेटर धुतला, वाळवला, अडॅप्टरसकट बॅगेत घातला आणि पावसाळाभर कपाटात. ऑक्टोबरमध्ये काढला तर अडॅप्टर हलेना. आट्यांमध्ये खारं पाणी राहिलेलं, ते सुकून मीठ धरलेलं आणि कडेने हिरवट बुरशीसारखं काहीतरी. घरात प्रत्येकाने एकच उपाय सांगितला, खोबरेल तेल सोड. नाही सोडायचं! तेल, तूप, गाडीचं ग्रीस, काही नाही, जास्त दाबाच्या हवेत आणि विशेष करून नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा, असेल तर तेल पेट घेऊ शकतं. शेवटी कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून फक्त ते टोक त्यात बुडवून ठेवलं, आत पाणी जाणार नाही अशी काळजी घेत, तेव्हा कुठे सुटला. आता प्रत्येक डाइव्हच्या दिवसानंतर अडॅप्टर काढते, वेगळा धुते, वेगळा ठेवते, आणि वॉशरला सिलिकॉनचं ग्रीस लावते, तेही नखावर मावेल एवढंच.

तिसरी गोष्ट छोटीच आहे पण रोजची. अडॅप्टरमुळे फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा टँकवर बसणारा पहिला भाग, टँकपासून तीनेक सेंटीमीटर पुढे येतो, म्हणजे आपल्या डोक्याकडे. वर बघायला मान मागे टाकली की टक्क. पहिल्या दोन-तीन डाइव्हला मला वाटायचं कोणीतरी मागून टपली मारतंय. टँक पट्ट्यात एक बोट खाली सरकवून बांधला की बरं होतं, पण मग टँक पायाला लागतो, उंची कमी असलेल्यांना जास्तच.

काढतानाची एक खोड पण सांगते. अडॅप्टर असला की फिरवायच्या जागा दोन होतात, मागचा योकचा स्क्रू आणि पुढची डिनची चकती. घाईत लोक भलतीच फिरवतात. टँक बंद, मग माउथपीसचं बटण दाबून सगळी हवा सोडा, मीटर शून्यावर, आणि मग मागचा स्क्रू. स्क्रू हाताने फिरत नसेल तर जोर लावू नका, आत दाब आहे असं समजा आणि पुन्हा बटण दाबा. पान्याने सोडवणारा एक वीर मी प्रत्यक्ष बघितलाय.

आता व्हॉल्व्हकडे येते, कारण सगळी गंमत तिथे आहे. हल्ली बऱ्याच टँकवर एक दोन्हीकडे चालणारा व्हॉल्व्ह असतो, त्याला प्रो व्हॉल्व्ह किंवा कन्व्हर्टिबल म्हणतात. तो मुळात डिनचाच असतो, आत एक पितळेचं बूच फिरवून बसवलेलं असतं, इन्सर्ट. बूच आत असेल तर योक बसतो, अ‍ॅलन कीने बूच काढलं की डिन सरळ आत जातो, अडॅप्टरची गरजच नाही. की बहुतेकदा ८ एमएमची लागते, मी माझी घेऊनच फिरते. लाल समुद्रात जवळपास सगळे टँक असेच होते, बोटीवर इन्सर्टची अख्खी बादली, त्या ट्रिपला अडॅप्टर बॅगेतून काढलाच नाही आणि ११ डाइव्हमध्ये एकदाही फुस्स नाही, एक साधा बुडबुडा नाही. तेव्हा कळलं डिन कशासाठी घ्यायचा. त्याच ट्रिपला नवऱ्याचा जुना योक त्या जाडजूड व्हॉल्व्हवरून जाता जाईना, चौकटच अरुंद, जुन्या मॉडेलमध्ये असते म्हणे अशी. कसाबसा तिरका करून घातला रोज, तोंडाने मंत्र म्हणत. सेकंडहँड योक घेणार असाल तर आधी एका आधुनिक टँकवर घालून बघा हं.

पण इन्सर्टचीही एक बाजू आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका शॉपला मी आधी फोन करून विचारलं होतं, डिन चालेल ना, तर हो मॅडम सगळे टँक डिन आहेत. गेले तर टँक होते प्रो व्हॉल्व्हवालेच, खोटं नव्हतं ते, पण इन्सर्ट कित्येक वर्षं कोणी काढलंच नव्हतं, आत जाम. अ‍ॅलन कीने मी आणि त्यांचा इन्स्ट्रक्टर दोघांनी जोर लावला, कीचे कोपरे झिजले, बूच तसंच. एका टँकचं निघालं तर त्याचं आतलं वॉशर आतच चिकटून राहिलं, ते दिसलं नसतं तर माझा रेग्युलेटर त्याच्यावर बसला असता आणि मग शोधत बसा लीक कुठून. म्हणून आता फोनवर डिन चालेल का असं विचारतच नाही. विचारते, इन्सर्ट शेवटचं कधी काढलंत? समोरचा गप्प झाला की अडॅप्टर बॅगेत टाकते. आणि एका कंपनीचं इन्सर्ट दुसऱ्या कंपनीच्या व्हॉल्व्हला बसेलच असं नाही, त्यामुळे स्वतःचं इन्सर्ट खिशात घेऊन फिरायची आयडिया डोक्यातून काढा.

२०० आणि ३०० चा घोळ. डिन दोन प्रकारचं, एक २३२ बारपर्यंतचं, ज्याला लोक सवयीने २०० बार म्हणतात, त्याला पाच आटे, आणि एक ३०० बारचं, त्याला सात. ३०० च्या व्हॉल्व्हचं भोक जास्त खोल असतं, त्यात छोटा २०० वाला रेग्युलेटर घातला तर तो तळाला पोचतच नाही, सील होत नाही, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे, कमी दाबाचा रेग्युलेटर चुकून जास्त दाबाच्या टँकला लागू नये म्हणून. उलटं मात्र चालतं, सात आट्यांचा दोन्हीत बसतो. त्यामुळे घेताना ३०० चाच घ्या, हल्ली बहुतेक तोच मिळतो. पण ३०० बार म्हणजे जास्त हवा मिळेल असं कोणी दुकानदार सांगत असेल तर हसून पुढे जा. आपल्याकडे टँक असतात अ‍ॅल्युमिनियमचे, एटी म्हणतात ते, पाण्याच्या मापाने ११.१ लिटर आणि भरायचा दाब २०७ बार. नाव ऐंशी घनफूट आणि आत मावते ७७.४, हा वेगळाच विनोद. तिथे तुमचे ३०० बार काय कामाचे. योकची मर्यादा युरोपच्या मानकात २३२ बार आहे, म्हणजे २०७ ला योकही निवांत चालतो. नवऱ्याचा चालतोच आहे की.

युरोपात नायट्रॉक्ससाठी एम-२६ नावाचं अजून एक जाड आट्यांचं प्रकरण आहे, साध्या डिनला ते बसत नाही. आपल्याकडे मी कुठे बघितलं नाही. पण तिकडच्या सेलमध्ये स्वस्तात मिळतोय म्हणून कोणाला रेग्युलेटर आणायला सांगत असाल तर बॉक्सवर हे नीट वाचायला सांगा, नाहीतर स्वस्त का होता ते घरी आल्यावर कळेल.

हे सगळं रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हच्या सांध्याबद्दल झालं. व्हॉल्व्ह आणि टँकच्या सांध्याबद्दल एवढंच म्हणेन की त्याला हात लावू नका. स्वतःचा टँक घेणारे आपल्यात कमीच, पण कोणी घेत असेल, सेकंडहँड तर नक्कीच, त्याने टँकच्या मानेवरचा आणि व्हॉल्व्हवरचा शिक्का दोन्ही वाचावेत. एक आटा मेट्रिक, एम-२५, आणि एक इंची, पाऊण इंचाचा, दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात. मेट्रिक व्हॉल्व्ह इंची मानेत फिरतोसुद्धा, थोडा ढिला, बसला असं वाटतं. आणि मग भरताना दाब चढला की व्हॉल्व्ह गोळीसारखा सुटतो. असे अपघात झालेले आहेत, माणसं गेलेली आहेत. गॅस सिलिंडरचे कायदेही आपल्याकडे कडक आहेत, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अखत्यारीत येतं सगळं, त्यामुळे बाहेरून टँक आणायचं वगैरे मनात असेल तर आधी तिकडची चौकशी करा. आम्ही टँकच्या भानगडीत पडलोच नाही, भाड्याचा बरा.

तर अडॅप्टरला मी किती मार्क देते? वस्तू म्हणून पाचपैकी चार. क्रोम अजून शाबूत आहे, स्क्रूचं हँडल ओल्या हातानेही नीट पकडता येतं, आटे जाम झाले तो दोष माझा किंवा हवेचा, त्याचा नाही. पण कायमची सोय म्हणून अडीच, फार तर तीन. तो वर्षातल्या दोन-चार डाइव्हसाठी आहे, सगळ्याच डाइव्हसाठी नाही.

जे फक्त भारतातच डाइव्ह करणार, मालवण, गोवा, अंदमान, तेही वर्षातून एकदा, त्यांनी सरळ योक घ्यावा, मी मनापासून सांगतेय. नवऱ्याने दोन सीझनमध्ये फक्त टँकवाल्यांची वॉशर बदलून घेतली, बाकी त्याला काही करावं लागलं नाही, आणि हे तो मला महिन्यातून एकदा तरी ऐकवतो. जे बाहेर जातात, युरोप, इजिप्त, किंवा पुढे रेक, म्हणजे बुडलेल्या जहाजातलं डायव्हिंग, वगैरे शिकायचंय, त्यांनी डिन घ्यावा आणि सोबत अडॅप्टर नाही, तर आपल्याच मॉडेलचा योक कन्व्हर्जनचा सेट मिळतो का ते बघावं. बऱ्याच कंपन्यांचा मिळतो, फर्स्ट स्टेजचं तोंडच बदलतात, सांधा एकच राहतो, डोक्यात टपली नाही. फक्त ते सर्व्हिस टेक्निशियनकडूनच करून घ्यायचं, घरी यूट्यूब बघून नाही. मला सर्व्हिससकट नऊ हजाराच्या आसपास सांगितलंय, आणि एकदा बदललं की परत डिन करायला परत तेवढीच खटपट, म्हणून मी अजून ठरवलेलं नाही. डिसेंबरमध्ये लक्षद्वीपचं चाललंय, तिथल्या शॉपला इन्सर्टचं विचारलंय, उत्तर यायचंय. तोपर्यंत अडॅप्टर विकायला नाही, आधीच सांगून ठेवते, कारण हे वाचून कोणीतरी मेसेज करणारच.